नदीकाठच्या क्लबचा शरद

ग्योतोकु स्टेशनवरून घरी येताना एका वळणावर अचानक वास येतो आणि पाय थबकतात. किन्मोकुसेई. मोहरीहून जरा मोठ्या केशरी फुलांचं हे झाड वर्षभर कुंपण होऊन उभं असतं, कुणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ऑक्टोबरचा पहिला गारवा पडला की मात्र त्याचा गोड, दाट वास सगळ्या गल्लीचा ताबा घेतो. इथल्या माणसांना त्या वासाने शाळेचे दिवस आठवतात म्हणे. मला चिखल आठवतो. नदीने आणून टाकलेला काळा, गुळगुळीत चिखल, त्यात घोट्याइतके रुतलेले गोलपोस्ट, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फावडं हातात घेतलेले माझे आबा.

मी कोल्हापूरची. नोकरीने नितीनला आणि मला आधी निशी-कसाईला, जपानमधल्या भारतीयांच्या मोठ्या वस्तीत, आणलं. शर्वरी झाल्यावर जरा मोठी जागा हवी म्हणून तोझाई लाइनवरच थोडं पुढे, नदी ओलांडून, आम्ही ग्योतोकुला आलो. ऑफिसात मी उरुमिरा-सान आहे, कारण ‘ऊर्मिला’ म्हणताना जपानी जीभ दोनदा अडखळते. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, सकाळी जळणारा कचरा एकीकडे आणि बाटल्या दुसरीकडे ठेवायच्या, शर्वरीशी मराठीत बोलायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं. असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि चाळिशीच्या तोंडावर मी गोलकीपर झाले.

त्याला कारण एक झेल. शर्वरीच्या शाळेच्या क्रीडादिनाला आम्ही पालक निळ्या ताडपत्रीवर डबे उघडून बसलो होतो. मुलांच्या खेळातून एक चेंडू सुटला आणि थेट शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या तान्ह्या बाळाकडे आला. माझ्या एका हातात ओनिगिरी, भाताचा गोळा, होता. दुसऱ्या हाताने मी तो वरच्या वर धरला आणि परत फेकून दिला. जेवण चालू ठेवलं. थोड्या वेळाने एक उंच, दणकट बाई येऊन समोर गुडघ्यांवर बसली. शर्वरीच्या वर्गातल्या एका मुलीची आई, ओकुबो-सान. स्टेशनजवळ तिची छोटी बेकरी आहे.

“माफ करा, एक विचारू? तुम्ही कधी गोलमध्ये उभ्या राहिलात का?”

“लहानपणी. गल्लीत,” मी म्हटलं.

“रविवारी सकाळी मोकळ्या असता?”

तिच्या क्लबचं नाव कावागिशी. कावागिशी म्हणजे नदीकाठ. एदो नदीच्या बांधाच्या आत, पुराच्या पाण्यासाठी सोडलेल्या जमिनीवर त्यांचं मैदान. प्रांताच्या महिला लीगमधला सगळ्यात खालचा विभाग. संघात एक परिचारिका, दोन शिक्षिका, एक टॅक्सी चालवणारी, हिनाता नावाची वाऱ्यासारखी पळणारी विद्यार्थिनी, आणि बाकी आम्ही आया. जर्सीवर मरून आणि आकाशी पट्टे. इथे कुणाचेच रंग तसे नाहीत. ते आले होते इंग्लंडातून, मोरिता-सानच्या बॅगेतून.

मोरिता-सान आमच्या संस्थापक. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, चणीने एवढ्याशा, आणि आवाज मात्र पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल असा. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना गोळा करून गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “काल आपण हरलो.” मी गोंधळले. काल तर सामनाच नव्हता. ओकुबो-सान कानात पुटपुटली, “इंग्लंडमध्ये. तिकडचे ‘आपण’.”

विशीत असताना मोरिता-सान नर्सिंग शिकायला इंग्लंडला गेल्या होत्या. लंडनला वगैरे नाही. उत्तरेकडचं, लोकरीच्या गिरण्यांचं एक गाव, ज्याचं नाव सांगितलं तर पलीकडच्या जिल्ह्यातला इंग्रजसुद्धा “हे कुठे आलं?” म्हणेल. मोठ्या व्यावसायिक लीगच्या खाली तिथे छोट्या गावांच्या क्लबांची लांबच लांब उतरंड आहे. तिला नॉन-लीग म्हणतात. त्या उतरंडीत खाली कुठेतरी या गावाचा क्लब. मोरिता-सान ज्यांच्या घरी राहायच्या त्या बाई शनिवारी दुपारी घराला कुलूप लावून मागच्या मैदानावर चहा विकायला जायच्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी काही न विचारता मोरिता-सानच्या कमरेला एप्रन बांधला.

“मला वाटलं, गावाची जत्रा आहे,” मोरिता-सान सांगत. “पाऊस पडतोय, गारठलेत सगळे, आणि हजार जणांनी एकाच माणसाला नावं ठेवायची. तो रेफरी होता, हे मला नंतर कळलं.”

त्या क्लबचा इतिहास त्यांना आपल्या घराण्यासारखा पाठ होता. गिरणीतल्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी दगड वेचून मैदान केलं. ते मैदान उताराचं, इतकं की कोपऱ्यात ठेवलेला चेंडू आपोआप घरंगळायचा. पाहुण्या संघाला आधी चढावर पळवायचं आणि तो दमला की मग आपण उतारावरून सुटायचं, हीच तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती. युद्धाच्या काळात मैदानात बटाटे लावले होते. युद्ध संपलं, बटाटे काढले, आणि त्याच वाफ्यांवर गवत पेरलं. एकदा वादळात स्टँडचं पत्र्याचं छप्पर उडून चर्चच्या अंगणात जाऊन पडलं. प्रेक्षकांनीच ते खांद्यावरून परत आणलं, वाटेत गाणी म्हणत. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. क्लब राहिला.

“जिंकायचा का?” मी विचारलं.

“क्वचित.”

“मग लोक का यायचे?”

मोरिता-साननी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ‘लोक का जेवतात?’ असं विचारलं होतं. “त्यांचा होता ना,” त्या म्हणाल्या.

आणि मग त्या चहावाल्या बाईंची गोष्ट. त्या देशात कितीतरी वर्षं बायकांच्या फुटबॉलला मोठ्या संघटनेची मैदानंच बंद होती. तरुणपणी बाई गिरणीच्या मागच्या पटांगणात मैत्रिणींबरोबर खेळायच्या, कुणी बघत नाही ना याची खात्री करून. मोरिता-सान गेल्या तेव्हा ती बंदी नुकतीच उठली होती. एका वसंतात गावातल्या पोरींनी त्या उताराच्या मैदानावर सामना ठेवला. एक पोरगी लंगडत बाहेर आली. पन्नाशीच्या बाईंनी किटली खाली ठेवली, एप्रनला हात पुसले, पोरीचे बूट मागून घेतले आणि आत गेल्या. सगळा स्टँड उठून उभा राहिला. “त्या दिवशी मी तिथे नसते,” मोरिता-सान म्हणायच्या, “तर परत येऊन नुसती परिचारिका झाले असते.” परत आल्या त्या दोन रंगांची एक जुनी जर्सी घेऊन. मग ग्योतोकुतल्या आयांना जमवून त्यांनी नदीकाठी क्लब काढला. नवरे हसले, सासवांनी तोंडं फिरवली, आणि रविवारी सकाळी बायका सायकली दामटत बांध चढू लागल्या.

हे ऐकताना मला आमची पेठ आठवायची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालीम, पेठ, भाऊबंदकी, जत्रा, सगळं एकाच चेंडूत. सामन्याच्या दिवशी दुकानं अर्ध्या शटरवर. माझे आबा साखर कारखान्यात फिटर, आणि पेठेच्या संघात हाफ. मधल्या फळीत उभे राहून असे पास द्यायचे की अजूनही भाजी आणायला गेले तर कुणीतरी वाकून ‘काय हाफ’ म्हणतंच. त्यांनी माझ्या भावाला, सुधीरला, गल्लीत तयार केलं. सुधीर गोल मारायचा तर गोलमध्ये कुणीतरी हवं, म्हणून दोन विटांच्या मधे मी. मला ते इतकं आवडायचं की ढोपरं फुटली तरी मी घरात सांगायची नाही. बाराव्या वर्षी एका संध्याकाळी आबा म्हणाले, “उर्मे, आता बास. मोठी झालीस.” रागावून नाही म्हणाले. सहज म्हणाले, जसं दिवे लावायची वेळ झाली म्हणतात तसं. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी शेजारचा पोरगा उभा होता.

चिखलाच्या त्या शरदात आबा पहिल्यांदाच जपानला आले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात एकटे बसून ते फार गप्प झालेत, असं सुधीर फोनवर म्हणायचा. मी खेळते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. का, ते सांगता येत नाही. आल्यावर दुसऱ्याच सकाळी ते गॅलरीत उभे होते आणि त्यांच्या हातात माझे वाळत घातलेले हातमोजे होते.

“हे कुणाचं?”

“माझे.”

त्यांनी मोजा उलटसुलट करून बघितला. अंगठ्याजवळ दाबून पाहिलं. मी चहाचं आधण बघितल्यासारखं करत राहिले.

“शिवण उसवलीय,” आबा म्हणाले. “दाभण हाय का घरात?”

दाभण नव्हतंच. त्यांनी जाड सुईने भागवलं. चेंडू शिवलेला हात तो, टाके असे बारीक आणि घट्ट बसले की नव्या मोज्यालाही नसतील. रविवारी निघताना मी म्हटलं, “आबा, मी जातो सरावाला.” माझं ‘जातो’ ऐकून पुण्याचा नितीन नेहमीसारखा हसला. कोल्हापूरची बाई घाईत असली की तिचं ‘जाते’ होत नाही, हे त्याला अजून पटलेलं नाही. आबांना त्यात काही वावगं वाटायचा प्रश्नच नव्हता. ते बूट घालून दारात उभे होते.

“थांब की,” ते म्हणाले. “मी पण येतो.”

त्यांना माहीत नव्हतं की ते एका मरायला टेकलेल्या क्लबकडे निघालेत. त्याच्या आधीच्या आठवड्यात सरावानंतर आम्ही सगळ्या एका रेस्तराँत बसलो होतो आणि ओकुबो-साननी कपाकडे बघत विषय काढला होता. दोघी बाळंतपणाला निघालेल्या, एकीच्या नवऱ्याची ओसाकाला बदली, हिनाताचं शिक्षण संपत आलेलं. कधीकधी सामन्याच्या सकाळी अकरा जणी होईनात. “या मोसमानंतर थांबायचं का?” तिने विचारलं. मोरिता-साननी बराच वेळ कपातला चमचा फिरवला.

“थांबू,” त्या म्हणाल्या. “पण एकदा वर जाऊन थांबू.”

इतक्या वर्षांत कावागिशी कधीच वरच्या विभागात गेला नव्हता. त्या मोसमात मात्र आम्ही पहिल्यांदाच वरच्यांच्या मागोमाग होतो. आमचं आम्हालाच नवल वाटायचं.

आणि मग तुफान आलं. दिवसभर खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून आम्ही घरात बसलो. दुसऱ्या दिवशी आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं निळं. बांधावर चढलो तर खाली मैदान नव्हतं, नदी होती. पाणी ओसरलं तेव्हा उरला चिखल, वाहून आलेली झाडं, एक सायकल, कुणाचा तरी फ्रीज. गोलपोस्ट वाकून एकमेकांकडे बघत होते. नगरपालिकेने सांगितलं, नदीकाठची सगळी मैदानं क्रमाक्रमाने साफ होतील, पण बहुतेक वसंत उजाडेल. आमचे शेवटचे सामने तर तोंडावर आले होते आणि आसपास दुसरं मैदान मिळत नव्हतं. ओकुबो-सान बांधावर उभी होती. एवढी दणकट बाई, पण तिचे खांदे पडले होते.

आबांनी चिखलाकडे बघितलं. “पंचगंगा आली की गं इथं,” ते म्हणाले. दर पुराला घर धुऊन काढलेला माणूस तो. खाली उतरून त्यांनी चिखल बोटांत चोळला. “ओला हाय तोवर निघंल. त्यांना सांग, वाळू द्यायचा नाही.”

मी भाषांतर केलं. मोरिता-साननी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे. “आमच्या गावात बटाटे काढले होते,” त्या म्हणाल्या. “हा तर नुसता चिखल.” नगरपालिकेत जाऊन त्यांनी परवानगी आणली ती कशी, हे कुणी विचारलं नाही. त्यांचा आवाज सगळ्यांना माहीत होता.

पहिल्या दिवशी आम्ही मूठभर बायका आणि आबा. मग ओकुबो-सान भल्या पहाटेचा पाव घेऊन यायला लागली आणि तिचं गिऱ्हाईक तिच्या मागे. ग्योतोकुत देवळाच्या पालख्या घडवणारे जुने कारागीर आहेत. त्यांतले एक आजोबा आपल्या माणसांना घेऊन आले आणि ओंडके त्यांनी पालखीसारखेच खांद्यावर, तालात आवाज देत, बाहेर काढले. नितीनने आपल्या लोकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. शनिवारी निशी-कसाईहून गाडीचा आख्खा डबा भरून मंडळी उतरली, कुणी फावडी घेऊन, कुणी पोह्यांचं पातेलं घेऊन. एका तमिळ काकूंनी टॅक्सी चालवणाऱ्या आमच्या यामाने-सानला तिथेच लोणचं चाखायला लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने पुन्हा मागून घेतलं.

दुपारी आबा आणि मोरिता-सान बांधावर शेजारीशेजारी बसत. दोघांच्या मधे तुटकं इंग्लिश.

“कोल्हापूर फुटबॉल,” आबा हात पसरून म्हणत. “पब्लिक! फुल पब्लिक!”

“पब? येस, येस! आफ्टर मॅच, पब!” मोरिता-सान खूश होत.

“नो, नो. आफ्टर मॅच, मिसळ!”

मग मिसळ म्हणजे काय ते हातवाऱ्यांनी. आबा कपाळाचा घाम पुसल्याचं, नाक ओढल्याचं नाटक करत आणि मोरिता-सान लहान मुलीसारख्या हसत. घरी गप्प असायचे म्हणून ज्यांना आणलं, ते आबा संध्याकाळी जेवताना थांबेचनात. त्या बाईचा क्लब असा, त्या गिरणीचं मैदान तसं, आणि आपल्या पेठेचा तो अमका सामना. शर्वरी घास हातात धरून ऐकत राहायची. नात मराठीतून विचारतेय, “मग, आजोबा? मग?” हे आमच्या लक्षातसुद्धा बऱ्याच उशिरा आलं.

या वर्षीही मी मघाशी बांधावर जाऊन आले. पाणी शांत आहे. गवत असं हिरवं, की खाली कधी नदी येऊन बसली होती हे सांगितलं तर नव्या पोरींना खरं वाटणार नाही. पण गोलच्या मागे, आम्ही चिखलाचा ढीग केला होता तिथे, जमीन अजून जराशी फुगीर आहे. तिथलं गवत सगळ्यात दाट येतं.

शेवटचा सामना नोव्हेंबरच्या अखेरीला, आमच्याच मैदानावर. नदीकाठचं उंच गवत पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेलं, ऊन कोवळं, वारा बोचरा. समोर एका विद्यापीठाच्या पोरी, सगळ्या विशीतल्या, लीगमध्ये पहिल्या. बरोबरी झाली तरी त्या वर जाणार होत्या. आम्हाला जिंकायलाच हवं होतं. बांधावर मात्र जत्रा. चिखल काढलेलं प्रत्येक माणूस आलेलं, आपण काढला त्या तुकड्यावर बोट ठेवून शेजारच्याला दाखवत होतं. इथले लोक सामना बघताना शिस्तीत टाळ्या वाजवतात. आबा माझ्या गोलच्या मागे उभे राहिले आणि पहिल्याच झेलाला पेठेच्या आवाजात ओरडले, “नाद खुळा!”

सगळा बांध दचकला. शर्वरीच्या मैत्रिणींनी तिला अर्थ विचारला. तिने थोडा विचार करून सांगितलं, “सुगोई,” म्हणजे भारी, “पण त्याच्यापेक्षा खूप जास्त.” पुढच्या झेलाला दहाबारा पोरं एका सुरात ओरडली, “नादोकुरा!”

आधी गोल मात्र आमच्यावर झाला. उंच चेंडू आला, मी पुढे जाऊ की नको करत रेषेवरच राहिले आणि त्यांच्या पोरीने डोक्याने तो आत ढकलला. मध्यंतराच्या जरा आधी ओकुबो-साननी फ्री किकवर, आपल्या उंचीचं सार्थक करत, बरोबरी साधली. मध्यंतरात मी पाणी पीत होते तर आबा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी खेळाबद्दल बोलणार होते.

“उंच बॉलला तुझं पाय चिकटून राहत्यात,” ते म्हणाले. “हात चांगलं हायत तुझं. लै चांगलं. भिऊ नगंस. गोलसमोर आला की बॉल तुझाच. पुढं जाऊन घ्यायचा.”

एवढंच बोलून ते आपल्या जागी गेले. मी मोज्यांचे पट्टे उगाचच पुन्हा आवळले.

दुसऱ्या अर्ध्यात त्या पोरींनी आम्हाला वेढाच घातला. आम्ही दमलो होतो, त्या दमतच नव्हत्या. यामाने-सानने एक चेंडू रेषेवरून काढला, एक खांबाला लागला. शेवट जवळ आला तेव्हा त्यांना कॉर्नर मिळाला. बरोबरी पुरत होती तरी जिंकून वर जायची हौस, म्हणून जवळजवळ सगळ्याच आमच्या गोलसमोर आल्या. चेंडू वर चढला. उन्हात तो क्षणभर काळा दिसला. “तुझा!” मागून आबांचा आवाज आला, किंवा तो माझाच असेल. मी पुढे झेपावले, कुणाच्या तरी खांद्यावर आपटले, आणि चेंडू दोन्ही हातांत चिकटला.

मान वर केली तर समोर सगळं मैदान मोकळं, आणि मधल्या रेषेजवळ एकटी हिनाता.

आमच्या कोल्हापूरच्या गल्लीत गोलकीपरने लाथ मारायची नाही, असा नियम होता. खिडक्या फुटायच्या. चेंडू हातानेच फेकायचा, सपाट, लांब, पिठाच्या गिरणीपर्यंत. ते मी कित्येक संध्याकाळी केलं होतं. मी दोन पावलं पळाले आणि हात फिरवला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला, एकदा टप्पा घेऊन हिनाताच्या पुढ्यात पडला आणि ती सुटली. तिच्या मागे लागलेल्या पोरी, तिच्याकडे धावून आलेली त्यांची गोलकीपर, आणि सगळा बांध उठून उभा. हिनाताने चेंडू तिच्या बगलेखालून असा हळूच सारला की जाळीत जाईपर्यंत कुणाला आवाजच फुटेना.

मग फुटला. शिट्टी वाजली तेव्हा मी गुडघ्यांवर होते आणि अंगावर नऊ-दहा जणी. पालखीवाले आजोबा तालात आरोळ्या देत होते, पोरं ‘नादोकुरा’ करत मैदानभर पळत होती. नितीन तर कुणालाही मिठी मारत सुटला होता. आम्ही ओकुबो-सानला उचलून हवेत उडवलं. मोरिता-सानना उचलायला गेलो तर त्या ओरडल्या, “खबरदार! कंबर जाईल!” त्या एकट्याच चालत मैदानाच्या मध्यभागी गेल्या आणि चारी बाजूंना एकदा वळून बघितलं. अर्ध्याहून जास्त आयुष्य त्यांनी ज्या जमिनीवर शिट्ट्या वाजवल्या ती जमीन. आबा तिथे गेले. त्यांनी हात जोडले, त्याच वेळी त्या कमरेत वाकल्या, आणि दोघांची डोकी जवळजवळ आपटली.

“तिकडे काल आपण हरलो,” परत येऊन त्यांनी आम्हाला सांगितलं. डोळे पुसत होत्या. “पण आज चालेल.”

क्लब बंद करायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुढच्या रविवारी सरावाला दोन अनोळखी बायका आल्या. त्यांनी चिखल काढला होता, आता खेळून बघायचं होतं. त्यानंतर निशी-कसाईहून आपल्या तिघी आल्या. त्यांतली एक सलवारीवरच अशी पळाली की कुणाच्या हाती लागली नाही. आज कावागिशी वरच्या विभागात आहे. गेल्या वर्षी खाली यायचे थोडक्यात वाचलो, यंदा बरे चाललोय. हिनाता नोकरी करते आणि रविवारी दोन गाड्या बदलून येते. गोलमध्ये आता माझ्याहून निम्म्या वयाची मुलगी असते, मी तिला उंच चेंडू शिकवते आणि गरज पडली तर मोजे घालते. मोरिता-सान काठी घेऊन बांध चढतात. त्यांचा आवाज आहे तसाच आहे. आबा कोल्हापुरात आहेत. रविवारी सकाळी तिकडे उजाडायच्या आत त्यांचा फोन येतो, आधी आमचा सामना किती वाजता ते विचारतात आणि मग माझी तब्येत.

त्या दिवशी जिंकल्यावर सगळ्यांना निशी-कसाईला जेवायला न्यायचं ठरलं. आम्ही चिखलाच्या जर्सीवर जॅकेटं चढवून ग्योतोकुहून गाडीत बसलो. दुपारची वेळ, डब्यात नेहमीची शांतता. इथे गाडीत अनोळखी माणसाशी कुणी बोलत नाही. आमच्या बायकासुद्धा हसू दाबून गप्प बसल्या होत्या. आबांच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. आबा थोडा वेळ खिडकीतून नदी बघत होते. मग ते त्यांच्याकडे वळले.

“एक्स्क्यूज मी,” ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “माय डॉटर. गोलकीपर.”

मी म्हटलं, “आबा, अहो, इथे असं...”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवर चिखल होता, केस विस्कटलेले, कोपर सोललेलं. त्यांना इंग्लिश किती कळलं कोण जाणे. त्यांनी मांडीवरची पिशवी सावरली आणि बसल्या जागेवरून मला खूप खाली वाकून नमस्कार केला. मला रडू यायला लागलं, म्हणून मीही वाकले.

आबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग उठून उभे राहिले आणि कडी धरून पलीकडच्या बाकाकडे गेले, तिथल्या माणसांना सांगायला.